डावं कोपर

पहिली चक्कर मला वर्गात नकाशा टांगताना आली. सन एकसष्टचा श्रावण होता. महाराष्ट्राचा नवा नकाशा जिल्ह्याहून आला होता आणि मी स्टुलावर चढून जुना काढत होतो. गेल्या चौदा वर्षांत त्या एकाच खिळ्यावर मी निजामाचं राज्य टांगलं होतं, हैदराबाद राज्य टांगलं होतं, मुंबई राज्य टांगलं होतं. तुळजापूर आपल्या जागेवरच होतं, राज्यं तेवढी खालून सरकत गेली. त्या दिवशी मात्र तुळजापूरही सरकलं. भिंत डावीकडं गेली, खिळा उजवीकडं गेला आणि मी नव्या महाराष्ट्रासकट खाली आलो.

शाळेच्या शिपायानं पायातलं पायताण काढून माझ्या नाकाला लावलं. फेफरं आलेल्या माणसाला पायताण हुंगवतात, एवढं वैद्यकशास्त्र आमच्याकडं सगळ्यांना येतं. मला फेफरं आलेलं नव्हतं, मी पूर्ण शुद्धीवर होतो, आणि म्हणूनच त्या पायताणाचा वास मला अजून आठवतो. पण माझा आजार शिपायानं ठरवून टाकला होता, आणि शिपायाचं ऐकणारी माणसं गावात मास्तरचं ऐकणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असतात.

मी अंबादास. तुळजापूरच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवतोय. घरात बायको वनमाला आणि एकुलती मुलगी प्रमोदिनी. शेजारच्या घरात वनमालेचा भाऊ भुजंगराव, मुन्सफ कोर्टातला कारकून. कोर्टात तो निकालांच्या नकला करतो आणि घरी आला की आमच्यावर निकाल देतो.

त्यानंतर चक्कर आठवड्यातून दोनदा तरी यायची. कधी भाजी घेताना, कधी संध्या करताना. अगोदर कान भरून यायचा, मग जमीन डाव्या बाजूनं खचायची. प्रमोदिनीला हे पंधरा दिवसांत कळलं. बाकीचे लोक धावत येऊन मनगट ओढायचे, पाठीत रट्टा घालायचे, तोंडावर पाणी मारायचे. ती काही न बोलता डाव्या बाजूला यायची आणि माझ्या कोपराखाली तळहात ठेवायची, भरलेली घागर खालून धरतात तसा. एवढ्यानं मी उभा राहायचो. शाळेत जाता-येताना ती रोज माझ्या डाव्या बाजूनं चालायला लागली. लोक म्हणायचे, पोरीला बापाचा फार लळा आहे.

समाचाराला माणसं आली. आमच्याकडं समाचाराला येणारा माणूस रिकाम्या हातानं येईल, पण रिकाम्या डोक्यानं येत नाही. हकीमसाहेबांनी डोक्यात खुश्की झाली म्हणून बदामाचं तेल चोळायला सांगितलं. वैद्यबुवांनी नाडी धरली आणि पित्त म्हणाले. ते सगळ्यांनाच पित्त म्हणतात. आडत दुकानदार गुरुसिद्धप्पा म्हणाला, "मास्तर, लई वाचू नका." शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मी प्रमोदिनीला घेऊन सोलापूरला एका मोठ्या डॉक्टरांकडं गेलो.

त्या डॉक्टरांनी तासभर माझ्याशी खेळ केला. गुडघ्यावर रबराची हातोडी मारली. डोळे मिटून सरळ रेषेत चालायला लावलं, मी कपाटावर जाऊन आदळलो. कानात गार पाणी सोडलं, तेव्हा तर खोलीच फिरायला लागली आणि ते खूश होऊन वहीत लिहायला लागले. नंतर म्हणाले, "कान असू शकतो. मेंदूकडं जाणाऱ्या मज्जातंतूचंही काही असू शकतं. किंवा फीटचाच एखादा प्रकार. आत्ताच सांगता येणार नाही. सहा महिन्यांनी या, काही वाढलं तर कळेल."

म्हणजे मी बरा होण्याची नव्हे, बिघडण्याची वाट बघायची होती. त्यांनी कागदावर इंग्रजीत तीन नावं लिहिली आणि प्रत्येकापुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. बावीस वर्षांत ज्या पोरानं उत्तरापुढं प्रश्नचिन्ह काढलं त्याला मी शून्य दिलं होतं. डॉक्टरांच्या मी पाया पडून परत आलो.

घरी आलो तर कळंबहून पत्र आलेलं. कळंबच्या टपाल कचेरीतले मार्तंडराव यांचा मुलगा राघवेंद्र, हायस्कुलात सायन्सचा मास्तर, प्रमोदिनीसाठी सांगून आला होता. यापूर्वी तिची दोन स्थळं फिसकटली होती, एक उंचीवरून आणि एक काहीही कारण न देता. राघवेंद्राला तिनं एका लग्नात लांबून पाहिलं होतं. वनमालेनं विचारल्यावर ती "चालेल" म्हणाली होती. आमच्या घरात 'चालेल' म्हणजे फार झालं. पत्रात लिहिलं होतं: 'आपल्या घराण्यात फेफरं, वेड, कोड, दमा इत्यादी काही नसल्याचं उलट टपाली कळवावं. आमच्या घराण्यात तसलं काहीही नाही.'

त्या संध्याकाळी भुजंगराव मांडी घालून बसला.

"दाजी, आजाराला नाव पाहिजे," तो म्हणाला. "आपण नाही दिलं तर लोक देतात. शिपायानं दिलंच की."

"डॉक्टरांनी तीन दिलीत," मी म्हटलं.

"त्यातलं एकबी लग्नाच्या कामाचं नाही. कान म्हणलं तर पोरगी बहिरी निघंल म्हणतील. मेंदू म्हणलं तर वेडी. आणि तिसरं नाव तर या घरात काढायचंच नाही."

"पित्त म्हणू," वनमाला म्हणाली.

"अक्का, पित्तानं माणूस स्टुलावरून पडत नाही. सगळ्या शाळेनं बघितलंय."

बैठक नाव न ठरताच मोडली. पण नाव आपल्या पायांनी चालत आलं. पुढच्या मंगळवारी वनमालेच्या आग्रहावरून मी देवीच्या दर्शनाला गेलो. आरती चालू होती, संबळ वाजत होता, आणि गर्दीत माझा कान भरून आला. प्रमोदिनी बायकांच्या बाजूला अडकलेली. मी झोके घ्यायला लागलो, हात खांबाच्या शोधात लांब गेला. तेवढ्यात कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू फासलं आणि एक म्हातारी पायाशी बसली. ती तामलवाडीची धुरपदाबाई होती.

"आई, माजी म्हस तीन दिस झालं सापडंना. कुठं हाय सांग."

मला खांब सापडत नव्हता, तिला म्हैस. माझा हात दक्षिणेकडं होता तो दक्षिणेकडंच राहिला. शुक्रवारी धुरपदाबाई नारळ आणि खण घेऊन दारात उभी. म्हैस दक्षिणेला सापडली होती. तुळजापुरापासून सोलापुरापर्यंत दक्षिणेला म्हशीच म्हशी आहेत हे मी तिला सांगायचा प्रयत्न केला. तिनं ते देवीचा मोठेपणा म्हणून ऐकून घेतलं.

भुजंगरावाचा चेहरा उजळला. "दाजी, तुम्हाला आजारच नाही. तुमच्या अंगात येतं. तुळजापुरात यापेक्षा इज्जतीची गोष्ट कोणती?"

"मी भूगोल शिकवतो, भुजंगराव."

"शिकवा की. देवीनं कुठं नको म्हणलंय?"

मी वनमालेकडं पाहिलं. ती देव्हाऱ्याकडं पाहत होती. मग हळूच म्हणाली, "खोटं कशावरून म्हणता? डॉक्टरला तरी कुठं ठाऊक आहे?"

"पण मग नानांना धरायचं कुणी?" प्रमोदिनीनं विचारलं.

"कुणीच नाही," भुजंगराव म्हणाला. "आजारी माणसाला धरतात. अंगात आलेल्याला कुणी हात लावत नाही. चारचौघांत तू यांचं कोपर धरलंस की फैसला झाला, हा आजारी आणि तू आजाऱ्याची पोर. लग्नापर्यंत बाहेर कुणी हात लावायचा नाही. पडले तर पडू द्यायचं, कुंकू लावायचं."

मी हो म्हटलं. माझ्या पडण्यापायी तिचं लग्न मोडावं, हे मला सहन होणारं नव्हतं. पडणं सहन होईल असं वाटलं. कळंबला पत्र गेलं: आमच्या घराण्यात तसलं काहीही नाही, श्री आईची कृपा मात्र आहे.

माघात कळंबची मंडळी एसटीनं आली. स्टँडवरून घरापर्यंत राघवेंद्र आईचा हात धरून चालत होता. सत्यभामाबाई दिसायला धडधाकट, पण मुलगा तिच्यापासून वीतभरही हलेना. उंबरा ओलांडताना त्यानं तिला धरलं, बसताना धरलं, ती बसली ती भिंतीला टेकून. मार्तंडराव म्हणाले, "गुडघ्याचं जरा आहे." वनमालेनं स्वयंपाकघरात माझ्या कानात सांगितलं, "मुलगा आईच्या मुठीत आहे बरं का. पोरीला जड जाणार." मलाही ते पटलं. मी त्या बाईकडं रागानंच बघत होतो.

पोहे झाले, प्रमोदिनी आली, नाव-गाव विचारून झालं. मी चहाचा कप ठेवायला उठलो आणि जमीन खचली. या वेळी नाटक करायची गरजच पडली नाही. मी खांबाला मिठी मारली. प्रमोदिनी एक पाऊल पुढं आली आणि मामानं डोळे वटारल्यावर तिथंच थांबली. तिचा तळहात मात्र उघडा होता, तो मला दिसत होता. भुजंगरावानं कुंकू लावलं. मार्तंडराव उठून हात जोडून उभे राहिले. राघवेंद्रानंही हात जोडले, पण तो बघत होता माझ्या पावलांकडं, ती कशी फाकवलीत ते. मला वाटलं, नमस्काराला जागा शोधतोय.

मग सत्यभामाबाई भिंत धरत धरत माझ्याजवळ आली. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "आई, माझं कधी थांबेल?"

तिचं काय, ते मला कळलं नाही. बायकांच्या मागं शंभर गोष्टी असतात. माझं डोकं फिरत होतं आणि मुलगी दारात उभी होती. मी म्हणालो, "थांबेल."

तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि लवकर उचललं नाही. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

वैशाखातली तिथी निघाली आणि तोवर मला देवीपण निभवायचं होतं. दर मंगळवारी दारात नारळ पडायला लागले. आमच्या हेडमास्तरांनी दार लावून घेऊन त्यांची बदली कळंबला होईल का परंड्याला, असं मला विचारलं. तेच हेडमास्तर सहा महिन्यांपूर्वी माझा रजेचा अर्ज, आजाराचं नाव नाही म्हणून परत करत होते. बाजारात चक्कर आली की लोक मागं सरून गोल करायचे. मी पाणी मागायचो, ते अंगारा द्यायचे. एकदा मी पंधरा मिनिटं मिरच्यांच्या ढिगात बसून होतो आणि शंभर माणसं हात जोडून उभी होती. त्यातल्या एकालाही हात पुढं करावासा वाटला नाही.

सहा महिने भरले तेव्हा सोलापूरला जायला निघालो, तर भुजंगरावानं पिशवी काढून घेतली. "देवी दवाखान्यात गेलेली कळंबला कळली तर?" मी पिशवी दिली. खोटं कशाला सांगू, एकदा देव्हाऱ्यासमोर बसून मी स्वतःलाही विचारलं, की खरंच आई असेल का? असती तर बरं झालं असतं. निदान प्रश्नचिन्ह तरी गेलं असतं.

रोज शाळेत जाताना प्रमोदिनी डाव्या बाजूनं चालायची. हात लावायची नाही, पण असायची. आणि घराचं दार लागलं की पहिल्यांदा कोपर धरायची. लग्नाला महिना राहिला, मग पंधरवडा, मग आठवडा. ज्या लग्नासाठी मी हे सोंग घेतलं होतं, त्या लग्नानंतर मला धरणारं कुणी उरणार नव्हतं. मला फार भीती वाटत होती, आणि बापानं अशी भीती बोलून दाखवायची नसते.

लग्न पार पडलं. मंगलाष्टकं मी खांबाला टेकून ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर पाठवणी होती. कळंबची गाडी लागली होती, मंडळी ट्रंका टपावर चढवत होती. प्रमोदिनी पाया पडायला वाकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवताना माझा कान भरला.

या वेळची चक्कर मोठी होती. गाडी, स्टँड, वऱ्हाड, सगळं डावीकडं उलटायला लागलं. लोकांना कळायला वेळ लागला नाही. मास्तरच्या अंगात आलं म्हणून क्षणात गोल झाला. कंडक्टरनं टोपी काढली. कुठून तरी धुरपदाबाई पुढं आली आणि औंदा पाऊस कसा हाय ते विचारायला लागली.

"अरे, धरा मला," मी म्हणालो.

चार-पाच जणांनी माझे पाय धरले. उभ्या माणसाचे पाय धरल्यावर तो उभा कसा राहणार, हे भक्तांना कोण सांगणार. मी मागं कलायला लागलो. वनमाला समोरच होती. तिचे हात जोडलेले होते.

तेवढ्यात माझ्या डाव्या कोपराखाली तळहात आला. प्रमोदिनी आली होती, आणि तिच्या पदराची गाठ राघवेंद्राच्या शेल्याला बांधलेली असल्यामुळं तिच्यामागं तोही ओढला गेला होता. भुजंगराव "अगं, अगं" करत होता. ती म्हणाली, "मामा, बाजूला व्हा. माझ्या वडलांना चक्कर येते." हे तिनं सासरच्या सगळ्या माणसांसमोर, मोठ्यानं सांगितलं.

मी डोळे मिटून घेतले. आता मोडलं, असंच वाटलं. मग उजव्या बाजूनं दुसरा हात आला. त्यानं मनगट ओढलं नाही, पाठीत रट्टा घातला नाही. तो माझ्या काखेखाली नीट बसला.

"नाना, डोळे मिटू नका," राघवेंद्र म्हणाला. "मिटलं की जास्त फिरतं. त्या कळंबच्या पाटीकडं बघा. एकाच अक्षराकडं बघा. पाय थोडे फाकवा."

हे कुठल्याही डॉक्टरनं मला सांगितलं नव्हतं. मी पाटीवरच्या 'क'कडं बघत राहिलो आणि तो हळूहळू थांबला. मग मी राघवेंद्राकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, गाडीकडं बघत होता. तिथं सत्यभामाबाई एकटी उभी होती, टपाच्या शिडीला दोन्ही हातांनी घट्ट धरून, पाय फाकवून, आणि सावकाश डावी-उजवीकडं झुलत.

"प्रमोदिनी," तो म्हणाला, "आईला."

गाठ बांधलेली होती, म्हणून आम्ही तिघं मिळूनच तिच्यापर्यंत गेलो आणि तिला घेऊन स्टँडच्या बाकावर आलो. विहीण आणि मी शेजारी शेजारी बसलो, दोघंही त्या पाटीकडं बघत. मार्तंडराव समोर येऊन गुडघ्यांबद्दल काहीतरी बोलायला लागले, मग मध्येच गप्प झाले.

"अकरा वर्षं झाली," सत्यभामाबाई म्हणाली. "बार्शीला दाखवलं, सोलापूरला दाखवलं. डॉक्टरांचा कागद आहे घरी."

"प्रश्नचिन्हांचा?"

"तीन आहेत," ती म्हणाली. "लोकांना आम्ही गुडघे सांगतो. राघूचं लग्न व्हायचं होतं ना."

मग तिनं विचारलं, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं का? तुमच्या घरात देवी येते म्हणून तर मी या सोयरिकीला हट्ट धरला. म्हटलं, तिची पोरगी घरात आली की माझं थांबेल. तुम्ही थांबेल म्हणालात."

मला मान वर करवेना. बावीस वर्षांत मी पोरांना चुकीचं काही शिकवलं असेल, पण इतकं खोटं कुणाशी बोललो नव्हतो.

"विहीणबाई, ती देवी नव्हती. मीच होतो."

तिनं पाटीवरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं थांबलं का?"

"नाही."

"मग माझं कसं थांबेल," ती म्हणाली. रागानं नाही; साखर संपली म्हणावं तसं.

कंडक्टरनं घंटी दिली. सत्यभामाबाई उठायला लागली आणि प्रमोदिनीनं तिच्या कोपराखाली तळहात ठेवला. सासू क्षणभर थबकली, तिनं सुनेकडं बघितलं. "बरोबर धरतेस गं," म्हणाली. राघवेंद्राचे हात, मला वाटतं अकरा वर्षांत पहिल्यांदा, मोकळे राहिले. ते कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ट्रंक उचलली.

गाडी गेली. गोल अजून पुरता मोडला नव्हता. देवी आहे का गेली, याचा लोकांना अंदाज येत नव्हता. भुजंगराव दूर पानाच्या दुकानाशी पाठ करून उभा होता. मी बाकावर बसून होतो आणि एकट्यानं उठायचं धाडस होत नव्हतं.

वनमाला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. जोडलेले हात तिनं सोडले. इकडं तिकडं बघितलं आणि सगळ्यांच्या देखत माझं कोपर धरलं.

"ते नाही," मी म्हटलं. "डावं."

ती वळसा घालून डाव्या बाजूला आली. आम्ही चालायला लागलो तशी धुरपदाबाई नारळ काखेत मारून आमच्याकडं निरखून बघत होती. शेजारच्या बाईला ती म्हणाली, "देवी न्हाय गं. मास्तरला चक्कर येती."

आणि पुढं येऊन तिनं रस्त्यातला धोंडा पायानं बाजूला केला.